लाइट गेली आणि रेघा थांबल्या

मंडळी, माझ्या चावीच्या ग्रामोफोनचा वेग तपासताना दिसणाऱ्या उलट्या रेघांचा छडा लागला. तीन आठवडे मी नको त्या ठिकाणी शोधत होतो.

गुरुवारी संध्याकाळी थाळी फिरत होती. तबकडीच्या लेबलवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती (लुकलुकत्या दिव्याखाली रेघा उभ्या दिसल्या की वेग बरोबर) ठेवली होती, शेजारी निऑनचा छोटा दिवा होता, आणि रेघा नेहमीसारख्या हळूहळू मागे सरकत होत्या. रोज साडेसहाला जाणारी लाइट त्या दिवशी पावणेआठला गेली. क्षणभर अंधार, मग इन्व्हर्टरचा खटका, दिवा परत लागला आणि रेघा जागच्या जागी उभ्या! एकही हलेना. आपला ग्रामोफोन चावीचा. त्याला ना वायर ना प्लग. घरातली लाइट गेल्याचं त्याला कळायचं काही कारणच नाही. मग थांबलं काय?

मागच्या नोंदीत लिहिलं होतं ते आठवत असेल: संध्याकाळी गव्हर्नर (थाळीचा वेग राखणारा भाग) नीट लावायचा, रेघा स्थिर करायच्या, आणि सकाळी बघावं तर त्या मागे चालायला लागलेल्या. मागे म्हणजे थाळी मंद. मी ठरवून टाकलं की सकाळच्या गारव्यात ग्रीस घट्ट होतंय. म्हणून स्प्रिंगचा डबा उघडला, जुनं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढलं, नवं भरलं. मग गव्हर्नरच्या चकतीला घासणारी फेल्टची गादी बदलली. मग तिन्ही वजनांच्या पट्ट्या काढून परत बसवल्या. गव्हर्नर तीनदा उघडला. सकाळी रेघा मागेच.

आता हिशेब बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून निऑन सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ७७ रेघांची चकती ७७.९२ आरपीएमला (मिनिटाला फेरे) फिरली की प्रत्येक लुकलुकीला एक रेघ बरोबर पुढच्या रेघेच्या जागी येते आणि चकती उभी दिसते. इन्व्हर्टर चालू असताना मल्टिमीटर हर्ट्झवर लावून बघितलं, तर ५० नाही, ४९! म्हणजे ९८ लुकलुकी. रोज संध्याकाळी मी त्या ९८ला जुळवून थाळी ७६.३६वर आणून ठेवत होतो. सकाळी लाइट असायची, दिवा १०० वेळा लुकलुकायचा, पण डोळ्यासमोरून सेकंदाला ९८च रेघा जायच्या. दर लुकलुकीला रेघ पुढच्या जागेला शंभरात दोन भाग कमी पडायची.

आणि या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे. खरं तर प्रत्येक रेघ पुढेच गेलेली असते, जवळजवळ पूर्ण एक घर. पण रेघा सगळ्या सारख्या, कुठली कोण हे डोळ्याला कळत नाही. तो सगळ्यात जवळची जागा पकडतो: मघाशी इथे रेघ होती, आता किंचित मागे आहे, म्हणजे ती मागे सरकली. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरतं तेही याच कारणानं. बारा आऱ्यांचं चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर २४ फ्रेमच्या पडद्यावर ते उभं राहतं, जरासं मंदावलं की उलटं. १८३२मध्ये ब्रुसेल्सचा शास्त्रज्ञ जोझेफ प्लाटो आणि व्हिएन्नाचा सिमोन स्टाम्फर या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे चित्रं हलती दाखवणाऱ्या फटींच्या फिरत्या चकत्या केल्या, त्या डोळ्याच्या याच सवयीवर चालायच्या.

ज्यांच्याकडे चावीचं मशीन आहे त्यांनी एकदा चावी संपेपर्यंत स्ट्रोब बघाच. रेघा आधी मागे सरकतात, मग मागे धावतात, थाळी साधारण ३९वर आली की दुप्पट रेघा होऊन थबकतात, आणि त्यानंतर पुढे पळायला लागतात! थाळी सगळा वेळ एकाच दिशेनं फिरत मंदावत असते. मी चार वेळा बघितलं आणि दर वेळी तितकाच आनंद झाला.

इन्व्हर्टरवर रेघा जाड आणि पुसट दिसायच्या, हे मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. तिथेच ओळखायला हवं होतं. त्याची लाट गोलाईची नाही, चौकोनी तुकड्यांची, त्यामुळे निऑन जास्त वेळ पेटलेला राहतो आणि तेवढ्यात रेघ फराटली जाते. शिवाय आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली होती, "आवाज उतरल्यासारखा वाटतोय रे." दोन टक्के म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा तिसरा हिस्सा. तिच्या कानाला तो कळला. मी रेघांवर विश्वास ठेवला.

दिव्यांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. चांगली एलईडी ट्यूब या कामाला निरुपयोगी, ती लुकलुकतच नाही, नुसता राखाडी पट्टा दिसतो. पिवळ्या बल्बची तार थंड व्हायच्या आत परत तापते, रेघा जेमतेम उमटतात. निऑन उत्तम, पण फक्त लाइट असताना. चकती मात्र छपाईच्या दुकानातून मध्यभागी भोक पाडून घेऊ नका. माझ्या पहिल्या चकतीचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं होतं आणि रेघा प्रत्येक फेऱ्यात मागेपुढे डुलायच्या. नवीन चकतीला कंपासची खूण धरून पंचनं स्वतः भोक पाडलं. आता डुलणं शून्य. हे छोटं काम जमलं त्याचं फार समाधान आहे.

वीजकंपनीच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून रविवारी नॅनो बोर्डवर (कोड लिहून चालवता येणारा छोटा सर्किट बोर्ड) पांढरा एलईडी लावला. झोत फक्त ०.३ मिलिसेकंदाचा, रेघा कोरल्यासारख्या दिसतात. बोर्डाला ताल देणाऱ्या रेझोनेटरवर विसंबू नका, अर्ध्या टक्क्याची चूक इथे सेकंदाला अर्धी रेघ हलवते. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेलं डीएस३२३१ या अचूक चिपचं घड्याळ जोडून त्याच्या सेकंदाच्या ठोक्याशी नॅनो जुळवला.

बेत १०० लुकलुकींचाच होता. कोड लिहिताना हात थांबला: झोत माझ्या ताब्यात असेल तर १००च कशाला? ७७ रेघा, ७८ आरपीएम, म्हणजे सेकंदाला १००.१ लुकलुकी. बरोब्बर ७८! आणि जुन्या तबकड्या सगळ्या ७८च्या कुठे असतात? ७६ला ९७.५३, ८०ला १०२.६७. चकती एकच, फक्त एक नॉब. पेटीवर सूर लावत गव्हर्नर फिरवायचा, रेघा थांबेपर्यंत नॉब फिरवायचा आणि वेग वाचायचा. त्यामुळे लाकडी खोक्यात निऑन बसवायचं काम मी सोडून दिलंय, आता नॉब आणि आकड्यांचा छोटा डिस्प्ले बसवतोय.

काल १००.१वर पूर्ण तबकडी वाजवली. सुई टेकल्यावर गव्हर्नर लावला, रेघा उभ्या. शेवटच्या खाचांत पोचताना त्या मागे सरकायला लागल्या, चार सेकंदांना एक. या वेळी सरकणं खरं आहे, कारण दिव्याचा ताल हलत नाहीये. पाव टक्का. चावी पूर्ण भरून आणि अर्धी भरून, दोन्ही मोजून पुढच्या वेळी आकडे देतो.