चुना नको, आधी काटा काढा

परवा पलूसला माहेरी गेले होते. उसाच्या बांधावर ओवीला, माझ्या तीन वर्षांच्या लेकीला, मधमाशी चावली. मनगटावर काळा बारीक काटा रुतलेला, भोवती पांढरट चकती, आणि तिचा टाहो! शेजारच्या काकू चुन्याची डबी घेऊन धावत आल्या. माया होती त्यांची, पण मी लावू दिला नाही. चुन्यानं लहानग्यांची कातडी भाजते.

काटा आत असेपर्यंत विष उतरत राहतं, म्हणून नखानं खरवडून लगेच काढला. मग साबणानं धुतलं आणि बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरला. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. संध्याकाळी खाज सुटली तेव्हा कॅलामाइन लावलं, नखं कापली. खाजवून जखम झाली की ती चिघळते.

त्या रात्री मी दर थोड्या वेळानं उठून तिचा श्वास ऐकत होते. ओठ किंवा तोंड सुजलं, अंगभर गांध्या उठल्या, धाप लागली, वारंवार उलट्या झाल्या, तर घरगुती काहीच करत बसू नका. १०८ला फोन करा.

सांगलीत आमच्याकडे पावसाळ्यात डास फार. पाळण्याला मच्छरदाणी, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि कूलरचं पाणी दर आठवड्याला ओतून टाकायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला डास पळवणारं मलम लावायचंच नाही. त्याहून मोठ्या मुलांनाही हाताच्या पंजांवर नको, बोटं तोंडात जातात.