तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जुना फ्रिज काढू का?’

लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे तेच दोन प्रश्न. ‘फाइव्ह स्टार घेऊ का?’ आणि ‘जुन्याचे जास्त पैसे कुठे येतील?’ पहिल्याचं उत्तर लोक मान डोलावत ऐकतात. दुसऱ्याचं द्यायला लागलं की विषय बदलतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

स्टार मोजू नका, लेबलवरचा युनिटचा आकडा वाचा. वर्षाला किती युनिट लागतील ते तिथे छापलेलं असतं, आणि ते लेबल कुठल्या काळातलं आहे तेही. निकष अधूनमधून कडक होतात. फ्रिजचे २०२० साली झाले, २०२३ साली पुन्हा झाले. त्यामुळे दुकानात मागे उरलेला जुन्या लेबलचा पाच स्टार आणि नव्या लेबलचा पाच स्टार एकाच पंक्तीत बसत नाहीत. शिवाय स्टार मिळतात ते त्या प्रकारात आणि त्या मापात. पाचशे लिटरचा तीन स्टार एकशे नव्वद लिटरच्या दोन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. चार माणसांच्या घरात अडीचशे लिटर पुरत असताना मोठा फ्रिज घ्यायचा आणि वर ‘स्टार आहेत ना’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

आता ‘काढू का’. पूर्वी मी सरळ सांगायचो, चालतोय तोवर वापरा. मग काही वर्षं उलट सांगितलं, दहा वर्षं झाली की बदला. दोन्ही उत्तरं आळशी होती, कारण मोजमाप कशातच नव्हतं. प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर मिळतं. ते तीन दिवस ठेवा. एका दिवसावर भागत नाही, कारण फ्रॉस्ट-फ्रीमधला बर्फ वितळवायचा हीटर मधूनच लागतो. समजा दिवसाला २.२ युनिट आले, म्हणजे वर्षाला ८००. नवा २०० घेणार असेल तर ६०० वाचले. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पडत असतील तर वर्षाचे ७,२०० रुपये. २८ हजारांचा फ्रिज चार वर्षांत फिटला. पण जुना डायरेक्ट कूल, म्हणजे बर्फ आपण उतरवायचा तो साधा फ्रिज, दिवसाला एकच युनिट घेत असेल, तर वर्षाला जेमतेम १६५ युनिट वाचतात आणि हिशेब चौदा वर्षांवर जातो. युनिटचा दर धरताना महावितरणच्या बिलातला तुमचा शेवटचा टप्पा धरा, सरासरी नको. बचत वरच्या टप्प्यातून होते.

मोजायच्या आधी दाराचं रबर तपासा. कागद दारात अडकवून ओढा. अलगद निघाला तर तिथून गार हवा जाते आहे. मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढा. कधी कधी एवढ्यावरच फ्रिज बदलायचा विषय संपतो, आणि दुकानदार हे सांगणार नाही.

आता तो दुसरा प्रश्न.

भंगारवाला फ्रिज जिन्यावरून उतरवतो. खाली टेम्पोपाशी आडवा करतो. त्याला हवाय कॉम्प्रेसर, कारण आत तांबं आहे आणि वजन आहे. कॉम्प्रेसर सुटत नाही, कारण बारीक तांब्याच्या नळ्यांनी तो जोडलेला असतो. पक्कड लावून नळी कापली जाते. फुस्स असा आवाज येतो, अर्धा मिनिट, फार तर एक. पाठोपाठ थोडं तेल गळतं, रस्त्यावर काळा डाग पडतो. पैसे हातात येतात, तुम्ही वर येता.

त्या फुस्समध्ये काय गेलं ते मांडून बघा. मधल्या काळातल्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो, समजा १२० ग्रॅम. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. म्हणजे जवळजवळ १७० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. आपल्याकडची वीज युनिटमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सोडते असं धरलं, तर नवा फ्रिज वर्षभर चालवून जेवढा होईल तेवढा, किंवा त्याहून थोडा जास्तच, तुमच्या दारात एका मिनिटात उडाला. फ्रिज २००३च्या आधीचा असेल आणि आत आर-१२ असेल तर १०,९०० पट, वर ओझोनला भोक. आणि अशा जुन्या फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये नळीतल्यापेक्षाही जास्त गॅस कोंडलेला असतो. तो फोम फोडतात, फेकतात, जाळतात.

तुम्ही म्हणाल, भंगारवाल्यावर का घसरता? घसरत नाही. गॅस ओढून घ्यायचं यंत्र त्याच्याकडे नाही आणि त्या गॅसचे पैसे त्याला कोणी देत नाही. तो नसता तर लोखंड-तांबंसुद्धा परत आलं नसतं. एक्स्चेंजमध्ये दिला की सुटलो, असंही नाही. तिथून फ्रिज बऱ्याचदा जुन्या मालाच्या दुकानात जातो आणि दुसऱ्या घरात पुन्हा ८०० युनिट खात बसतो.

करायचं ते एवढंच. मागच्या किंवा आतल्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम असतात, ते वाचा. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर विचारा, जुना फ्रिज नेता का आणि कुठल्या नोंदणीकृत रिसायकलरकडे देता. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत जुन्या मालाची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा संकोच नको. रिसायकलरला एकच प्रश्न: फ्रिजचा गॅस काढून घ्यायचं यंत्र आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा नंबर. पावती घ्या. न्यायच्या आदल्या दिवशी बंद करा, बर्फ उतरू द्या, उभाच न्या. खाली ठेवून द्यायचा असेल तर दार काढून ठेवा, मुलं लपायला आत शिरतात.

स्टिकरवर आर-६००ए असेल तर गॅसचा उपद्रव नगण्य, पण तो पेट घेतो. घरात बसून नळीवर वेल्डिंगची ज्योत लावणाऱ्या मेकॅनिकला बाहेर काढा.

भाव भंगारवाल्यापेक्षा कमी येईल, हे आधीच सांगतो. छोट्या गावात नेणारा मिळणारच नाही, हेही खरं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. अशा वेळी रबर बदलून जुनाच चालवावा की वीज वाचवण्यासाठी नळी कापू द्यावी? मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलंय. नवा बनवण्यातही धूर आहेच. अजून ठरत नाही.

मात्र नवा आणून जुना गॅलरीत ‘पाहुणे आले तर थंड पाण्याला’ म्हणून चालू ठेवणार असाल, तर कृपा करून स्टार किती ते मला विचारू नका.