प्लिटविचेला एक दिवस: सी रूट धरायचा, बी रूट खिशात ठेवायचा

दादाने फॅमिली ग्रुपवर "प्लिटविचे, के रूट, १८ किमी, ६ ते ८ तास, करूया का?" असं टाकलं आणि त्याच्या खाली दोन तास एकच थम्सअप होता, तोही त्याचाच. मग आईने विचारलं तिथे बसायला बाकं आहेत का. बाबांनी विचारलं पोहता येतं का. वहिनीने काहीच विचारलं नाही, फक्त भाच्याचा डोळे मोठे केलेला फोटो टाकला. तर आता हे प्लॅनिंग माझ्या गळ्यात आलंय, कारण घरात तिथे आधी जाऊन आलेली मी एकटीच, मागे एकदा मे महिन्यात मैत्रिणीबरोबर गेले होते. ग्रुपवर तेच तेच किती वेळा टाइप करणार, म्हणून सगळं इथेच लिहितेय, कुणाला आपल्या ट्रिपसाठी कामाला आलं तर चांगलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. क्रोएशियात झाग्रेबच्या दक्षिणेला साधारण १३० किमीवर हे नॅशनल पार्क आहे, १९४९ साली झालं, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नाव असलेली १६ तळी एकाखाली एक उतरत जातात आणि प्रत्येक तळ्याचं पाणी खालच्या तळ्यात धबधब्याने पडतं. वरची १२ आणि खालची ४ असे दोन भाग पडतात. सगळ्यात वरचं तळं समुद्रसपाटीपासून ६३६ मीटरवर आणि सगळ्यात खालचं ५०३ मीटरवर, म्हणजे अख्ख्या साखळीत उतार फक्त १३० मीटरच्या आसपास. हा आकडा मी मुद्दाम देतेय कारण फोटो बघून आईला वाटलंय की गड चढायचाय. नाहीये गं.

आता बाबांचा प्रश्न. पोहता येत नाही, अजिबात नाही, पाय बुडवून बसणंही नाही. नेटवर जे धबधब्याखाली डुंबणाऱ्या लोकांचे फोटो फिरतात ते बहुतेक क्र्का नावाच्या दुसऱ्याच पार्कचे असतात, आणि तिथेही त्या प्रसिद्ध धबधब्यापाशी २०२१ पासून बंदी आहे. त्यामुळे ट्रंक्स हॉटेलवरच ठेवा.

आणि ही बंदी उगाच कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली नाही. तिथला डोंगर चुनखडीचा, त्यातून झिरपत आलेल्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. हे पाणी उंचावरून पडतं, फुटतं, शिंतोडे उडतात, तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना बाहेर पडून शेवाळावर, पडलेल्या फांद्यांवर, जे काही मध्ये येईल त्यावर बसतो. आपल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो ना, अगदी तेच, फक्त इथे तो थर जिवंत शेवाळावर चढतो, खालचं शेवाळ दगड होतं, वरचं वाढत राहतं, आणि असं करत करत पाण्याला आडवा बांध उभा राहतो. या बांधांमुळेच ती तळी आहेत. बांध वाढतो वर्षाला साधारण सेंटीमीटरभर, तोही पाणी स्वच्छ असेल तर. माणसं आत उतरली, सनस्क्रीन आणि घाण गेली, पायाखाली शेवाळ तुडवलं की हे सगळं कामच थांबतं. मला स्वतःला हे कळल्यावर ती लाकडी पायवाट एकदम वेगळी दिसायला लागली, कारण आपण ज्या बांधांवरून चालतो ते अजून बनतायत. पाण्याचा रंगसुद्धा सारखा बदलतो, सकाळी हिरवा बघितलेला कोपरा ढग सरकला की निळा, मध्येच राखाडी. पाण्यात काय विरघळलंय, काय जीवजंतू आहेत आणि ऊन कुठून येतंय यावर ते ठरतं. तेव्हा कृपा करून फिल्टर लावू नका, लोक म्हणतात फिल्टर लावलाय, आणि नसताना बोलणी खावी लागतात.

बरं, मुद्द्यावर येते.

पार्कला मुख्य दोन गेटं आहेत, एंट्रन्स १ आणि एंट्रन्स २, मधलं अंतर दोन-अडीच किमी. झाग्रेबहून येताना आधी १ लागतं. १ खालच्या तळ्यांच्या डोक्यावर आहे, २ मधल्या कोझ्याक तळ्याच्या बाजूला. कोझ्याक हे सगळ्यात मोठं, त्यावर इलेक्ट्रिक बोटी चालतात, आणि वरच्या-खालच्या तळ्यांमध्ये ये-जा करायला रस्त्यावरून ट्रेनसारख्या लांबलचक बस असतात. बोट आणि ही बस-ट्रेन दोन्ही तिकिटातच येतं, वेगळे पैसे नाहीत. बोटीचे धक्के पी १, पी २, पी ३ आणि गाडीचे थांबे एसटी १, एसटी २ असे, पाट्या सगळीकडे आहेत. रूटना अक्षरं दिलेली आहेत, गेट १ वरून ए, बी, सी आणि गेट २ वरून ई, एफ, एच. आणि दादाचा के, जो दोन्हीकडून निघतो आणि ज्यात बोटही नाही गाडीही नाही, सगळं पायी. दादा, तू एकटा जा, आम्ही बोटीतून हात करू.

ए म्हणजे फक्त खालची तळी आणि परत, साडेतीन किमी, दोन-तीन तास. टूर कंपनीबरोबर गेलात तर बऱ्याचदा एवढंच दाखवतात आणि बसमध्ये कोंबतात, त्यात मोठा धबधबा बघून होतो पण वरची तळी राहतात, आणि माझं मत विचाराल तर खरी मजा वरच्या तळ्यांत आहे. खाली दरी आहे, कडे आहेत, फोटो भारी येतात, पण गर्दीही तिथेच. वर जंगलातून वाट जाते आणि पाणी झाडांच्या मुळांमधून, गवतातून, कुठूनही येत असतं, धबधबा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळत नाही.

ट्रॅव्हल ग्रुपांवर सगळ्यात जास्त भांडणं सी की एच यावर होतात. दोन्ही साधारण आठ-नऊ किमी, चार ते सहा तास, दोन्हीत वरची-खालची सगळी महत्त्वाची तळी येतात, फक्त दिशा उलटी. एचमध्ये गेट २ वरून गाडीने सगळ्यात वर नेऊन सोडतात आणि तुम्ही पाण्याबरोबर खाली उतरत येता. सीमध्ये गेट १ वरून खालच्या तळ्यांपाशी उतरायचं, तिथून पाण्याच्या उलट दिशेने वर चढत जायचं आणि शेवटी वरून गाडीने परत. एचवाले म्हणतात उतार आहे, सोपं पडतं. बरोबर आहे, पण बाबांचा गुडघा ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये की त्यांना चढण चालते, उतरताना त्रास होतो. आणि एच संपवताना खालच्या दरीतून गेट १ च्या बाजूला शेवटी एक नागमोडी चढ आहेच, तोही दमल्यावर. सीमध्ये ती नागमोडी वाट सुरुवातीला, ताजेतवाने असताना, उतरायची. तेवढं बाबांनी काठी घेऊन, हळूहळू, दादाच्या खांद्यावर हात ठेवून केलं की पुढे पायऱ्या असल्या तरी चढ हळूहळूच आहे. शिवाय चढत जाताना धबधबे समोरून येतात, उतरताना पाठीमागे राहतात आणि दर दोन मिनिटांनी मान वळवावी लागते.

पण सी निवडायचं माझं खरं कारण वेगळं आहे. सी मधूनच तोडता येतो. खालची चार तळी आणि मोठा धबधबा बघून आपण कोझ्याकच्या पी ३ धक्क्यावर पोचतो, तिथे मोकळी हिरवळ आहे, बसायला जागा आहे, खायला मिळतं, टॉयलेट आहे. तिथून बोट, वीसेक मिनिटांची. आणि बोटीतून पलीकडे पी २ ला उतरलं की त्या क्षणी ठरवायचं. पाय चालतायत? मग वरच्या तळ्यांची वाट धरा, तो सी. भाचा रडतोय, आईची पाठ धरलीये, पाऊस आलाय? मग पी २ वरून छोट्या बोटीने पी १, तिथून थोडं चढून एसटी २, गाडीने एसटी १, झालं, तो बी रूट, एकूण चार किमी चालणं. तिकीट तेच, कुणाला काही विचारायचं नाही. आणि दोन गट करायचे असतील तरी इथेच करता येतात, आई-बाबा आणि वहिनी-भाचा बीने, बाकीचे सीने, आणि भेटायचं एसटी १ च्या थांब्यावर. सहा जणांच्या घरात सहा जणांचे पाय एकाच वेळी दमत नाहीत, त्यामुळे सकाळी हॉटेलात बसून कोण किती चालणार यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही, तो वाद पी २ वर घालू.

आई, बाकांचं: गेटांपाशी, धक्क्यांवर आणि गाडीच्या थांब्यांवर बसायला आहे, पण लाकडी पायवाटेवर मध्येच टेकायला फारसं काही नाही, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. पायवाट दोन माणसांपुरती, समोरून लोक येत असतात, खाली पाणी. भाच्याचा हात कुणीतरी एकाने धरायचा आणि तो एक कोण हे आधी ठरवायचं, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने धरलाय. ओल्या फळ्या घसरतात, तर चपला-सँडल नको, ग्रिप असलेले बूट. आई, तुझे ते पांढरे चालायचे बूट चालतील.

मोठा धबधबा म्हणजे वेलिकी स्लाप, ७८ मीटर, क्रोएशियातला सगळ्यात उंच. गंमत म्हणजे त्याचं पाणी तळ्यांमधून येत नाही, प्लिटविट्सा नावाचा वेगळाच ओढा कड्यावरून पडतो, आणि तळ्यांचं पाणी आणि हा ओढा जिथे एकत्र येतात तिथून कोराना नदी सुरू होते. गेट १ मधून आत शिरल्या शिरल्या वरूनच पहिला व्ह्यू मिळतो, तिथे सगळे खोळंबतात. तिथे दोन फोटो काढून पुढे सरका, खाली गेल्यावर जवळून दिसतोच.

तिकीट. हे ऑनलाइन काढायचं, आणि त्यात गेट आणि आत शिरायची वेळ दोन्ही निवडावं लागतं, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. म्हणजे क्रम असा: आधी बसची वेळ, मग गेट, मग स्लॉट. लोक आधी स्लॉट घेतात आणि मग त्या वेळेला पोचणारी बस शोधत बसतात. भाव महिन्यावर बदलतो, जून ते सप्टेंबर मोठ्या माणसाला ४० युरो, भर हिवाळ्यात १०, मधल्या महिन्यांत दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. ४० युरो म्हटल्यावर आईने लगेच शंभराने गुणलं असणार, म्हणूनच आपण ऑक्टोबर धरलाय. सात वर्षांखालच्यांना तिकीट नाही, भाचा फुकट. ऑक्टोबरात मेएवढं पाणी नसेल, हे आत्ताच सांगते, मे महिन्यात बर्फ वितळून पाणी धो धो असतं. पण जुलै-ऑगस्टची गर्दी नसेल, त्या दिवसांत बोटीच्या रांगेतच दिवसाचा मोठा तुकडा जातो. आणि झाडं रंग बदलायला लागलेली असतील, तिथे बीच नावाची झाडं खूप आहेत, पिवळी-तांबडी होतात. हिवाळ्यात स्वस्त असलं तरी बर्फ पडला की वरची तळी बऱ्याचदा बंद ठेवतात, मग परत तेच, खालचं बघून या.

जायचं कसं यावर अजून एकमत नाही. रेल्वे पार्कपर्यंत जात नाही. झाग्रेबच्या मुख्य बस स्टँडवरून बस, दोन ते अडीच तास, गेट १ ला उतरवते. दादाचं म्हणणं गाडी भाड्याने घेऊ. गाडीचा एक मोठा फायदा मला मान्य आहे, वाटेत स्लून्य गावात रास्तोके म्हणून जागा आहे, तिथे छोटी नदी कोरानाला मिळताना घरांच्या मधून, जुन्या पाणचक्क्यांच्या खालून धबधबे करत जाते, बसने तिथे थांबून पुढे जायचं म्हणजे दिवस मोडतो. तोटा म्हणजे पार्किंग तासावर आहे आणि सहा तास चालून आल्यावर दादाने अंधारात दोन तास गाडी चालवायची, ऑक्टोबरात दिवस लवकर मावळतो. मी बसच्या बाजूने आहे. बसमध्ये बाबा झोपतील आणि दादाही झोपेल. फक्त परतीची बस पकडताना थांब्यावर जरा आधी जाऊन उभं राहायचं, कारण ती लांबून कुठून तरी येत असते, कधी उशिरा येते, आणि थांबा म्हणजे रस्त्याकडेची साधी शेड. तिकीट आधीच काढलेलं बरं. बोटी आणि आतल्या गाड्यांची शेवटची फेरी कितीची हे गेटवर लिहिलेलं असतं, आत शिरतानाच त्याचा फोटो काढा, ऑक्टोबरात उन्हाळ्यापेक्षा लवकर बंद होतं.

खाण्याचं: धक्क्यावर जे मिळतं ते ग्रिल केलेलं चिकन, सॉसेज, फ्राइज असलं, व्हेज म्हणाल तर फ्राइजच. डबा आपलाच न्यायचा. कचरा परत पिशवीत. माशांना काही टाकायचं नाही, भाच्याला आधीच सांगून ठेवा कारण ते काठाशी एवढे घोळक्याने येतात की मोठ्यांचाही हात शिवशिवतो. दादा, तुझा ड्रोनही नको, परवानगीशिवाय उडवता येत नाही. एक पातळ रेनकोट प्रत्येकाकडे हवा, छत्री नको, त्या अरुंद फळीवर छत्री उघडली की मागचे सगळे शिव्या घालतात. सकाळी तिथे झाग्रेबपेक्षा चांगलाच गारठा असतो, आईने स्वेटर घालूनच निघायचं.

बाबा, तुमच्यासाठी एक. तुम्ही विचारलं होतंत युद्धाचा भाग हाच का. हो, ३१ मार्च १९९१, ईस्टरच्या रविवारी इथे पार्कातच चकमक झाली आणि क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातले पहिले बळी इथेच गेले. नंतर १९९२ ते १९९७ युनेस्कोने ही जागा धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली होती. बाकीचं बसमध्ये सांगते, अडीच तास आहेत.

तर बसला हो की नाही ते आज रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. कुणी काही बोललं नाही तर उद्या सकाळी गेट १, साडेनऊ-दहाच्या आसपासचा स्लॉट, पाच मोठे आणि एक छोटा, असं मी काढून टाकतेय. वहिनी, भाच्याचा वयाचा पुरावा बरोबर ठेव.