ग्रिम्सबीचे काका आणि तळातला ट्रॉलर

सर्व्हे बोटीवर एक माणूस असा असतो की त्याचं नक्की काम काय हे नव्या पोरांना पहिले काही दिवस कळतच नाही. त्याला एफएलओ म्हणतात, फिशरीज लायझन ऑफिसर. बहुतेक वेळा हा निवृत्त मच्छीमार असतो. ब्रिजवर चहाचा मग घेऊन बसायचं, खेकडा-लॉबस्टरचे पिंजरे टाकणाऱ्या बोटी आडव्या आल्या की व्हीएचएफ रेडिओवर त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, की बाबांनो आमच्या मागे केबलला यंत्र बांधलेलं आहे, जरा लांबून जा. आम्ही बोललो तर शिव्या मिळतात, तो बोलला की दोन जोक होतात आणि ती बोट वळते.

आमच्या बोटीवरचा एफएलओ इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबी या मासेमारी बंदराचा होता, पासष्टी ओलांडलेला, आणि मी मनातल्या मनात त्याला काकाच म्हणायचो. मी हायड्रोग्राफिक सर्व्हेयर, म्हणजे समुद्राचा तळ मोजणारा, मूळचा रत्नागिरीचा, मिरकरवाड्याचा वास नाकात घेऊन वाढलेला, त्यामुळे मासेमारीवरून आमचं जमलं. काम होतं हंबर नदीच्या मुखाबाहेर, पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलचा मार्ग तपासायचं. त्या पट्ट्यात दोन महायुद्धांचे पाणसुरुंग आणि बॉम्ब अजून तळाशी पडलेले असू शकतात, त्यामुळे केबल टाकायच्या आधी साइड स्कॅन सोनार (आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र काढणारं), मल्टीबीम (खोली मोजणारं) आणि मॅग्नेटोमीटर (लोखंड हुडकणारं) घेऊन तळ अक्षरशः विंचरावा लागतो. लोखंड दिसलं की टार्गेट, टार्गेट दिसलं की लिस्टमध्ये नंबर. बहुतेक नंबर म्हणजे जुनी साखळी, नांगर, ड्रम, कोणाचं तरी टाकलेलं भंगार.

त्या रात्री मॅग्नेटोमीटरची रेघ एकदम उडाली आणि कागदावरून बाहेरच गेली म्हणा ना. सोनारवर लांबट आकार, ३५ मीटरच्या आसपास, एका टोकाला तुटलेला, आणि मध्ये एक गोल जाड ठोकळा ज्याची सावली लांबच लांब पडलेली. साइड स्कॅनमध्ये वस्तूपेक्षा सावली जास्त बोलते, सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते, इथे ती साधारण चार मीटर येत होती. आमच्या चार्टवर त्या जागी काहीच नव्हतं. मी मोजमाप घेत होतो तेवढ्यात काका मागून मग घेऊन आला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाला, "स्टीम ट्रॉलर आहे रे हा. तो उभा आहे ना तो बॉयलर. त्याच्या मागे इंजिन बघ, तीन टप्प्यांत वाफ वापरणारं ट्रिपल एक्स्पान्शन, आणि पुढे ते आडवं पडलेलं दिसतंय ती विंच, दोर ओढायची."

मी झूम केलं. खरंच, तीन गोष्टी एका ओळीत. लाकडी डेक आणि केबिन कधीच संपतात, पत्रा गंजून आडवा होतो, पण बॉयलर शंभर वर्षं तसाच उभा राहतो. आणि विंच बॉयलरच्या पुढे असणं हीच ट्रॉलरची, म्हणजे तळाशी जाळं ओढणाऱ्या बोटीची, खूण, कोळसा वाहणाऱ्या छोट्या बोटीत एवढी मोठी विंच त्या जागी कशाला असेल.

मग पुढचे दोन तास, लाइन रन चालू होती, मला स्क्रीनवर नजर ठेवण्याशिवाय काम नव्हतं, आणि काका सुरू झाला. तो पंधराव्या वर्षी डेकी लर्नर, म्हणजे शिकाऊ खलाशी, म्हणून चढला, साठच्या दशकात, तेव्हा ग्रिम्सबीत वाफेवरचे शेवटचे काही ट्रॉलर उरले होते, कोळसा जाऊन तेल आलं होतं एवढंच. आइसलंडच्या बाजूला तीन-तीन आठवड्यांची फेरी, घरी आल्यावर जेमतेम तीन दिवस, त्या तीन दिवसांत पैसा असा उडायचा की या लोकांना तिकडे थ्री डे मिलियनेअर म्हणायचे. जाळं मागून नाही, बाजूने टाकायचं. बोटीच्या बाजूला पुढे एक आणि मागे एक अशा लोखंडी कमानी, गॅलोज म्हणतात त्यांना, त्यांच्यावरून दोन पोलादी दोर विंचमधून पाण्यात, आणि प्रत्येक दोराच्या टोकाला लोखंडाने मढवलेली जड लाकडी फळी, ऑटर बोर्ड. बोट चालली की पाण्याच्या दाबाने दोन्ही फळ्या पतंगासारख्या बाहेर खेचल्या जातात आणि जाळ्याचं तोंड उघडं राहतं. १८८१ मध्ये ग्रिम्सबीसाठी झोडियाक नावाचा खास वाफेवरचा ट्रॉलर बांधला तेव्हा तो अजून जुन्या पद्धतीचं, लाकडी तुळईचं जाळं ओढत होता. फळ्या आल्या १८९० च्या दशकाच्या मध्यात, आणि त्यानंतर शिडाच्या बोटी झपाट्याने मागे पडल्या.

जाळं वर आलं की मेट, म्हणजे कप्तानाच्या खालचा माणूस, वाकून खाली शिरणार, वर टांगलेल्या पिशवीची गाठ ओढणार आणि पटकन बाजूला होणार, नाहीतर टनभर कॉड त्याच्याच अंगावर. मग उघड्या डेकवर पोट फाडायचं काम, लिव्हर वेगळ्या टोपलीत कारण तिच्या तेलाचे पैसे खलाशांना वेगळे मिळायचे. थंडीत फवारा डेकवर, दोरांवर, मास्टवर गोठतो आणि बोट वरून जड होते, तो बर्फ कुऱ्हाडीने फोडायचा. जानेवारी १९५५ मध्ये लोरेला आणि रोडेरिगो हे हल बंदराचे दोन ट्रॉलर आइसलंडच्या उत्तरेला याच बर्फाने उलटले, ४० माणसं गेली. काका तेव्हा लहान होता, पण त्यानेही पुढे हीच कुऱ्हाड चालवली, आणि हे सांगताना त्याने हाताने जी अ‍ॅक्शन केली त्यात माझा चहा सांडला.

त्याचा आजोबा पहिल्या महायुद्धात ट्रिमर होता, म्हणजे बंकरमधला कोळसा फावड्याने भट्टीपर्यंत सरकवणारा. समुद्र न बघता समुद्रावर जाणारा माणूस, असं काका म्हणाला. युद्ध लागलं आणि बोट तीच, माणसं जवळपास तीच, फक्त जाळं उतरवून पुढे तोफ बसवली. हे अचानक सुचलेलं नव्हतं. ब्रिटिश नौदलाचा अ‍ॅडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड १९०७ मध्ये ग्रिम्सबीत येऊन गेला होता आणि त्याच्या लक्षात आलं की कुठल्याही हवेत जड पोलादी दोर पाण्यात टाकणं, ओढणं, वर घेणं हे या लोकांना नौदलापेक्षा चांगलं जमतं. त्यातून १९१० मध्ये रॉयल नेव्हल रिझर्व्हचा, म्हणजे नौदलाच्या राखीव दलाचा, ट्रॉलर विभाग निघाला. पाणसुरुंग काढायचे म्हणजे काय, तर दोन ट्रॉलर समांतर चालणार, मध्ये तळाच्या जवळून एक दोर, तो खोल राहावा म्हणून लाकडी चौकटीचं वजन, त्याला काइट म्हणायचे. सुरुंगाची खालची साखळी दोरात अडकली की तो तुटून वर येणार, मग रायफलने फोडायचा. यात एकच भानगड, ट्रॉलरचा स्वतःचा तळ पाण्यात चार-साडेचार मीटर खोल, त्यामुळे ओहोटीला सुरुंग दोरात यायच्या आधी बोटीलाच भेटायचा.

१६ डिसेंबर १९१४ ला जर्मन जहाजांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरो गावावर तोफा डागल्या, तेव्हा कोल्बर्ग या क्रूझरने किनाऱ्याजवळ शंभरेक सुरुंग टाकून ठेवले. ते उपसायला गेलेल्या ट्रॉलरांपैकी ओरियांडा १९ तारखेला बुडाला आणि नाइट हॉक ख्रिसमसच्या दिवशी. आमच्या बोटीपासून हे सगळं फार लांब नव्हतं. म्हणून मी विचारलं, मग हा त्यातलाच का? पुढचा भाग तर तुटलेलाच आहे.

काका म्हणाला, घाई करू नको. मासे मारणारे ट्रॉलरही सुरुंगावर फुटायचे, युद्ध संपल्यावर सुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती-ओहोटीच्या मधला स्लॅक मिळाला आणि आम्ही आरओव्ही, म्हणजे वरून केबलने चालवायचं कॅमेऱ्याचं पाणयंत्र, खाली सोडला. हंबरच्या बाहेरचं पाणी म्हणजे पातळ चिखल, लाइटसमोर हातभर दिसलं तरी नशीब. आधी बॉयलर आला, त्याच्यावर पांढऱ्या अ‍ॅनिमोनी गच्च, भट्टीच्या तोंडातून एक ईल डोकं काढून बघत होता. सगळ्यावर हिरव्या नायलॉनचं आजकालचं जाळं अडकून फाटलेलं, म्हणजे अलीकडच्या कोणा तांडेलाचं हजारो पाउंडांचं नुकसान. आरओव्ही चालवणारा पायलट घाबरला, कारण आरओव्हीचा प्रोपेलर त्यात गुंतला तर आमचंही तेच. काका त्याच्या खुर्चीमागे उभा राहून मार्ग सांगत होता, डावीकडे घे, आता खाली, आता थांब. विंच दिसली. ड्रमवर दोर अजून गुंडाळलेला, गंजून एकच गठ्ठा झालेला.

मला वाटलं लागला निकाल. काकाला दोरात रसच नव्हता. त्याला गॅलोज बघायची होती. त्याचं म्हणणं साधं होतं: विंच आणि दोर दोन्ही कामांना लागायचे, त्यावरून काही कळत नाही, पण मासेमारीला निघालेल्या बोटीच्या कमानीला फळ्या टांगलेल्या असतात. लाकूड किड्यांनी खाल्लं तरी फळीच्या खालचा लोखंडी नाल आणि पट्ट्या उरतात. मागची कमान सापडली, वाकलेली, रिकामी. आम्ही तिच्या खालची वाळू पायलटला शक्य तेवढी बघितली, नाल नाही. पुढची कमान तुटलेल्या भागाबरोबर गेली होती. "रिकामी म्हणजे दोन अर्थ," काका म्हणाला, "एक तर फळ्या पाण्यात होत्या, जाळं ओढत होते. किंवा नेव्हीने फळ्या धक्क्यावर उतरवून ठेवल्या होत्या." त्यानंतर स्लॅक संपला, प्रवाह सुरू झाला, आरओव्ही वर घ्यावा लागला. माझ्या मते आणखी एक डाइव्ह मिळायला हवी होती, पण बोटीचं दिवसाचं भाडं ऐकलंत तर तुम्हीही मागणार नाही.

संध्याकाळी मेसमध्ये विषय दुसऱ्या महायुद्धावर गेला. तेव्हा याच लोकांची रॉयल नेव्हल पॅट्रोल सर्व्हिस, म्हणजे नौदलाची गस्त सेवा, झाली, मुख्य तळ इंग्लंडच्याच लोस्टॉफ्ट बंदरात, स्पॅरोज नेस्ट नावाच्या बागेत, आणि बाकीचं नौदल त्यांना हॅरी टेट्स नेव्ही म्हणून चिडवायचं, हॅरी टेट हा त्या काळचा मोडक्या गाडीवर विनोद करणारा नट. तिथल्या स्मारकावर २३०० हून जास्त नावं आहेत ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही. १९४२ मध्ये अमेरिकेला जर्मन पाणबुड्यांनी हैराण केलं तेव्हा २४ ब्रिटिश ट्रॉलर तिकडे पाठवले, त्यातला बेडफर्डशायर मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनाजवळ सगळ्या ३७ जणांसह गेला. मी पण गप्प बसलो नाही, म्हटलं अहो, बॅसेट क्लासचे, म्हणजे नौदलाच्या एका नमुन्याचे, ट्रॉलर भारतातही बांधले, रॉयल इंडियन नेव्हीत पूना आणि नाशिक नावाचे ट्रॉलर होते, आणि त्याही आधी १९२१-२२ ला मुंबई सरकारने विल्यम कॅरिक नावाचा वाफेचा ट्रॉलर आणून आपल्या किनाऱ्यावर प्रयोग करून बघितले होते. नाशिकला समुद्र आहे का, त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला हे फार आवडलं.

रिपोर्ट लिहायला बसलो तर फॉर्ममध्ये प्रकार निवडायचा होता: मासेमारी जहाज की लष्करी जहाज. दोन्ही निवडता येत नव्हतं. काकाला विचारलं तर तो म्हणाला दोन्ही, आणि ब्रिजवर निघून गेला. शेवटी मी मासेमारी टाकलं आणि खाली शेऱ्यात चार ओळी लिहिल्या, कमानीचे फोटो जोडले, किनाऱ्यावरच्या पुरातत्त्ववाल्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी त्याच्याभोवती केबल येऊ नये असं वर्तुळ आखून दिलं आणि नाव शोधायला यादी काढते म्हणाल्या, पण हंबरच्या तोंडाशी गेलेल्या ट्रॉलरांची यादी काही छोटी नाही.

कॉन्फरन्स कॉलवर क्लायंटच्या मॅनेजरने विचारलं, हा बुडालेला ट्रॉलर आजवर कोणालाच माहीत नव्हता का? काका माझ्याकडे वाकून माइकमध्ये बोलला की तुमच्या चार्टला माहीत नव्हता, जाळी फाडून घेतलेल्या तांडेलांच्या वह्यांत असणार, डेक्का या जुन्या रेडिओ दिशादर्शक यंत्रणेच्या आकड्यांत, फक्त त्यांना कोणी विचारलं नाही. मॅनेजर हसला की नाही ते कळलं नाही. केबलचा मार्ग वळवावा लागला, केबल इंजिनिअरने वाढलेल्या लांबीवरून कुरकुर केली, आणि आम्ही पुढच्या ब्लॉकला लागलो, तिथे सकाळपासून तीन पिंजऱ्यावाल्या बोटी आमच्याच लाइनवर बसल्या होत्या आणि काका व्हीएचएफवर.