चतुर्थीला ओहोटी नऊची: गुहागर ते जयगड पायी

गुहागरच्या पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) निघायचं, पालशेत, वेळणेश्वर करत हेदवी गाठायची आणि शेवटी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरायचं. आम्ही नऊ जणींनी हा पल्ला जानेवारीत तीन दिवसांत पुरा केला. किनारा चालायचा तर आधी तिथी बघावी लागते, सुट्टी नंतर.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा-बारा. वद्य असो वा शुद्ध, मोजणी तीच. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, की ओहोटी. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, त्यामुळे निघण्याआधी जवळच्या बंदराचं कोष्टक पाहायचंच. मुंबईची वेळ इथे धरायची नाही.

पुनव-अवसेला ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास असते. उजाडेपर्यंत पाणी फिरलेलं, पुढची सगळी चाल चढत्या पाण्याबरोबर, आणि वर उधाण. अष्टमी-नवमीला ओहोटी भर दुपारी, म्हणजे डोक्यावर ऊन. चतुर्थी ते षष्ठी या तीन दिवसांत ती नऊ ते पावणेअकराच्या दरम्यान येते. ओहोटीच्या दोन तास आधी निघून नंतर दीड तासात पुळण सोडायची, असं वेळापत्रक आम्ही बांधलं. पहिल्या दिवशी ते नाश्त्यानेच मोडलं. उतरलो होतो तिथे पोहे आठ वाजता मिळाले. गुहागरची पुळण सुमारे ६ किलोमीटरची. ती संपेपर्यंत दहा वाजून गेले आणि पाणी वळलेलं होतं. पुढचे दोन दिवस रात्रीच सांगून ठेवलं: सहाला चहा, घावणे आणि चटणी डब्यात बांधून.

वाळूवर नेहमी ओल्या, घट्ट पट्ट्यावरून चालायचं. तिथे तासाला तीन-साडेतीन किलोमीटर सहज होतात, कोरड्या भुसभुशीत वाळूत दोनही कठीण. पण पुळणीला समुद्राकडे उतार असतो. दक्षिणेकडे जाताना उजवा पाय कायम खाली पडतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा कंबर धरते. ओहोटी पूर्ण असताना उघडी पडणारी सपाट वाळू निवडली की हा त्रास बराच कमी होतो. पट्ट्यांच्या सँडलमध्ये ओली वाळू अडकून कातडी सोलते. त्यामुळे चालायला हलके बंद बूट आणि पातळ मोजे, ओहोळ ओलांडायला वेगळे फ्लोटर.

दोन पुळणींच्या मध्ये डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं असतं. त्याच्या पायथ्याने खडकांवरून जायचा मोह होतो, तो टाळावा. हिरव्या-काळ्या शेवाळावर पाय घसरतो, कालवांच्या धारेने तळवा कापतो, आणि पाणी चढलं की मागेही जाता येत नाही. पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, चढायचं आणि पलीकडे उतरायचं. पाखाडी बहुतेकदा कुणाच्या तरी आगरातून (नारळी-पोफळीच्या बागेतून) जाते. बेड्याशी (कुंपणाच्या फाटकाशी) थांबून ‘काकी, हिकडून सड्यावर जाता येतं का?’ विचारलं की वाट मिळते, अनेकदा पाण्याचा तांब्याही. पाण्याच्या बाबतीत सगळ्यात नेमकी माहिती ओहोटीला खडकांत कालवं आणि वाळू-चिखलात तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायकांकडे असते. कुठल्या फटीतून पाणी आधी शिरतं आणि कुठला ओहोळ गुडघ्याच्या वर जातो, हे त्या रोज बघतात. त्या टोपल्या उचलून परत निघाल्या, की आपणही निघायचं.

अनोळखी खाडी पायी ओलांडायची नाही, गाळात पाय रुततो. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत न्यायचं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

सड्यावरचा खरा धोका फुरशाचा, म्हणजे छोट्या विषारी सापाचा. जांभ्याच्या रंगात ते दिसतच नाही. गडग्यावर (दगडी कुंपणावर) हात टेकायचा नाही, आणि लघवीला बसण्याआधी काठीने गवत आपटून घ्यायचं. आडोसा म्हणून करवंदीच्या जाळीला अगदी चिकटून बसू नये. दोघींनी ओढणी धरली की मोकळ्यावरही भागतं. आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिणं ही चूक आमच्यातल्या तिघींनी केली आणि दुपारी त्यांचं डोकं धरलं. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका लिटरात ओआरएसची मोठी पुडी, हे ठरलेलंच असावं.

खारं पाणी आणि घाम यांनी मांड्या घासतात. सकाळीच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावायची. सुती सलवार ओली राहते, पटकन वाळणारी पूर्ण लांबीची पँट बरी. पाळी असेल तर भिजलेला पॅड तासाभरात काचायला लागतो. मेन्स्ट्रुअल कपची सवय असलेल्यांना सोपं गेलं, बाकीच्यांनी ओहोळ ओलांडला की लगेच पॅड बदलला. वापरलेला कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीतून मुक्कामापर्यंत परत आणायचा.

पाठीवर पाच किलोपेक्षा जास्त नको. मोठ्या सॅक रिक्षाने पुढच्या मुक्कामी पाठवल्या. खोली ठरवताना फोनवर दोनच प्रश्न विचारायचे: दाराला आतून कडी आहे का, आणि संडास-बाथरूम घरात आहे की मागे आगरात?

हेदवीची बामणघळ (समुद्रकड्यातली अरुंद घळ) भरतीला बघायची असते, पण कड्याच्या फटीपासून लांब राहून. पाणी किती उसळेल ते आधी कळत नाही. तिथून तवसाळपर्यंत आम्ही रिक्षा केली, कारण षष्ठीची ओहोटी उरकत आली होती. शेवटच्या फेरीबोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घेतलेली बरी. जयगडला उतरल्यावर त्याच संध्याकाळी बूट, काठ्या आणि सॅकच्या चेन गोड्या पाण्याने धुतल्या. एक रात्र मीठ राहिलं तरी चेन अडकते.