पलूसहून ओहायोला : विनिमय कार्यक्रमाला निघणाऱ्या शिक्षकांसाठी

निवड झाल्याचा ई-मेल आला, शाळेत पेढे वाटले आणि मुख्याध्यापकांनी पेढा तोंडात टाकता टाकताच विचारलं, "मॅडम, दहावीचं काय?"

प्रश्न रास्तच होता. अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट योजनेतल्या टीईए या शिक्षक-विनिमय कार्यक्रमात माध्यमिकच्या शिक्षकांना सहा आठवडे अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात ठेवतात, शिवाय जवळच्या शाळेत वर्ग बघायला आणि थोडं शिकवायला मिळतं. तुकडी वर्षाच्या सुरुवातीची मिळाली, तर हे आठवडे थेट बोर्डाच्या परीक्षेला भिडतात. म्हणून अर्ज भरतानाच एखाद्या सहकाऱ्याशी बोलून ठेवा. आमच्या इंग्रजीच्या सरांनी माझे भूगोलाचे तास घेतले, म्हणून मी निर्धास्त गेले.

परवानगीची वाट मुख्याध्यापक, संस्था आणि मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक) अशी आहे. हे आठवडे कर्तव्यकाळ धरणार की रजा, ते निघण्याआधी लेखी घ्या. "जाऊन या, बघू नंतर" यावर विसंबू नका. पगारबिलाच्या वेळी तेच टेबल तुम्हाला ओळखत नाही.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ खातं ते नाव. पदवीवर माहेरचं, आधारवर सासरचं, सेवापुस्तकात तिसरंच स्पेलिंग, हे आपल्याकडे घरोघरी. पासपोर्टवर आडनाव आणि नाव हे दोन्ही रकाने भरलेले हवेत. एकाच रकान्यात सगळं कोंबलं असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं आणि पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं. डीएस-२०१९ हा मुख्य कागद, म्हणजे विनिमय कार्यक्रमासाठी पात्र असल्याचं प्रमाणपत्र, तोही पासपोर्टबरहुकूमच असायला हवा. त्याच्यावरचा प्रोग्रॅम नंबर बघा. तो जी-१, जी-२ किंवा जी-३ ने सुरू होत असेल, तर सेविसची (परदेशी विद्यार्थी आणि विनिमयाला आलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची) फी लागत नाही. कुणी एजंट भरायला सांगत असेल तर आधी हे तपासा.

फोटो स्टुडिओत नुसतं "पासपोर्ट साइज" म्हणू नका. दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. चष्मा काढा म्हटल्यावर आमचा फोटोग्राफर दोनदा म्हणाला, "मॅडम, ओळखू येणार नाही तुम्ही."

व्हिसासाठी मुंबईला जायला सांगलीकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या जागा वेगळ्या, तारखाही बहुधा वेगळ्या, तेव्हा मुक्काम धरूनच निघा. अमेरिकेची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आत मोबाइल चालत नाही. तो सोबतच्या माणसाकडे द्या किंवा मुक्कामी ठेवा. विनिमय कार्यक्रमाला मिळणाऱ्या जे-१ व्हिसावर दोन वर्षांची अट आहे का, ते वाचून घ्या. असेल तर मायदेशी दोन वर्षं काढल्याशिवाय नोकरीसाठीचा एच किंवा एल व्हिसा, ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) मिळत नाही. डीएस-२०१९ हातातल्या पिशवीतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

सासूबाईंनी भडंग, मेतकूट आणि घरची हळद बांधून दिली. सगळं पॅकबंद होतं, आणि उतरल्यावर फॉर्मात खाण्याचं सामान आहे असं सरळ सांगितलं. तिथल्या तपासनिसांनी पिशवी उघडली, हळद हुंगली, जा म्हणाले. ताजी फळं, मांसाचं काही किंवा पेरायचं बियाणं मात्र नेऊ नका. आपला मिक्सरही घरीच राहू द्या, तिथली वीज १२० व्होल्टची.

आता वर्गाचं. बरेच जण ताजमहाल, दिवाळी, नऊवारी अशी चित्रं घेऊन जातात. माझं स्पष्ट मत, अख्खा भारत नेऊ नका, आपली शाळा न्या. मीही दिवाळीच्या स्लाइड नेल्या होत्या. पोरं सभ्यपणे बघत होती, एवढंच. मग एका पहाटे बर्फामुळे शाळा बंद असल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, तुमच्याकडे शाळा कशाने बंद पडते? मी सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाचा फोटो लावला, तिथेच पुराची पातळी मोजतात. चाळीस फूट इशारा पातळी, पंचेचाळीस धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सत्तावन्नच्याही वर. कोयनेतून सोडलेलं पाणी, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद, नदीकाठचं आमचं गाव असं नकाशावर बोट ठेवत गेले. तास संपल्याची घंटा झाली तरी दोघंजण उभेच. तिथे मुलं दर तासाला वर्ग बदलतात, शिक्षक आपल्या खोलीत असतो. तेव्हा उशीर झालेल्या त्या दोघांना पुढच्या वर्गासाठी तिथल्या बाईंनी चिठ्ठी लिहून दिली.

तर पेनड्राइव्हमध्ये हे घाला : पोषण आहाराच्या खिचडीचा व्हिडिओ, परिपाठाचा आवाज, तुमच्या गावाचा नकाशा, मुलांच्या वह्यांची पानं. आपल्या मुलांचे चेहरे दाखवायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. तिथल्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढूच नका. शाळेत शिरताना ओळखपत्र दाखवून नाव लिहून नावाचं स्टिकर छातीवर लावावं लागतं, रोज.

परतल्यावर हजर झाल्याचा अहवाल लगेच द्या आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांची, बोर्डिंग पासांची झेरॉक्स जोडा. रजेच्या आदेशावरच्या तारखा विमानाच्या तारखांशी जुळतात का, ते मात्र जाण्याआधीच बघून ठेवा. तारीख बदलून घ्यायला परत आल्यावर फार फेऱ्या पडतात.