योगदंडाचे लग्न

सोलापुरात देवळात जायचे म्हणजे आधी तळ्यापाशी जायचे. भुईकोट किल्ल्याची तटबंदी मागे टाकून आपण सिद्धेश्वराच्या वाटेला लागतो, तेव्हा कळसाच्याही आधी पाणी दिसते आणि त्या पाण्याच्या मधोमध मंदिर दिसते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. बाराव्या शतकात, या गावाला सोन्नलगी म्हणत असत त्या काळी, शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी आपल्या अनुयायांना बरोबर घेऊन हे तळे खणले अशी श्रद्धा आहे. ज्या मुलखात पावसाचा भरवसा कधीच नव्हता, तिथे एका योग्याने ध्यानाला बसण्याऐवजी कुदळ हाती घेतली, आणि लोकांनी त्याच कुदळीपाशी त्याला सिद्धेश्वर म्हणून देव मानले. बसवेश्वरांच्या काळातील शरणांनी, म्हणजे त्यांच्या पंथातल्या शिवभक्तांनी, श्रमालाच पूजा म्हटले; ते तत्त्व ज्याला ग्रंथातून समजून घेणे जड जाते, त्याने इथल्या पायरीवर घटकाभर बसावे.

माझी भाची बाहेरगावी वाढलेली आहे. देवळात शिरताच तिने विचारले, ‘‘मामा, हा देव आहे की माणूस?’’ प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र तसे नव्हते. सिद्धराम हा माणूस होता. त्याची समाधी याच आवारात आहे. तो स्वतः श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा भक्त होता आणि त्याने कन्नडमध्ये रचलेल्या वचनांच्या, म्हणजे छोट्या भक्तिरचनांच्या, शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी नाममुद्रा येते. कथा अशी सांगतात की, गुरे राखणाऱ्या या मुलाकडे मल्लय्याने, म्हणजे मल्लिकार्जुनानेच, दहीभात मागितला. मुलगा तो घेऊन परत आला तर मल्लय्या नाहीसा झालेला. त्याला हाका मारीत मुलगा थेट श्रीशैलपर्यंत गेला. देवाने दर्शन दिले, पण त्याला तिथे ठेवून घेतले नाही, गावी परत पाठवले. मग सिद्धरामांनी गावात आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. त्यामुळे सोलापूरकराची खरी प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती संपत नाही. ती पेठापेठांतून, वाहनांच्या गर्दीतून, कुठल्यातरी बोळातल्या लहानशा लिंगापुढे हात जोडत पूर्ण होते. भक्तांना दर्शनासाठी फार लांब जावे लागू नये, एवढाच हेतू त्यामागे असेल, तरी मला तो पुरेसा वाटतो.

मात्र या देवस्थानाची श्रद्धा पुरती उमगते ती संक्रांतीच्या यात्रेत. तिच्यामागची कथा अशी: एका कुंभारकन्येने सिद्धरामांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी केली आणि त्यांच्याशीच विवाह करण्याची इच्छा धरली. योगी संसारात पडणार नव्हता आणि मुलीचे मन मोडण्याचीही त्याची तयारी नव्हती. त्याने आपल्या योगदंडाशी, म्हणजे योग्याजवळच्या काठीशी, विवाह करण्यास तिला अनुमती दिली. त्या योगदंडाचे प्रतीक म्हणून बाराबंदी हा पारंपरिक अंगरखा घातलेले भक्त सात उंच, वजनदार नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या काठ्या, तोल सांभाळत मिरवतात, आणि त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. भोगीच्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर संमतीचे, म्हणजे या विवाहाच्या मंत्रांचे, वाचन होते आणि ‘सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्’ हा घोष उठताच हजारो हात एकदम अक्षता टाकतात. घरी मराठी, कन्नड, तेलुगू असे काहीही बोलणारी माणसे त्या क्षणी एकाच लग्नाची वऱ्हाडी असतात.

भाचीने तिथेच पुढचा प्रश्न टाकला, ‘‘आपण कुणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?’’ शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी माझ्या आधीच उत्तर दिले, ‘‘पोरीकडचे गं बाई. त्यांना काय, दंड दिला की झालं!’’ शतकानुशतके चालत आलेल्या विधीवर इतकी नेमकी टीका मी अन्यत्र ऐकलेली नाही, आणि ती करून आजींनी पुन्हा भक्तिभावाने अक्षता टाकल्या.

आजींचे म्हणणे मला दुसऱ्या दिवशी अधिक पटले. होम मैदानावर कुंभारकन्येची प्रतीकात्मक प्रतिमा अग्नीला अर्पण केली जाते. भाविक त्याचा अर्थ शिवाशी एकरूप होणे असा घेतात आणि तो अर्थ मी नाकारत नाही. तरी ज्या मुलीने वर्षभर अंगण झाडले तिचा शेवट ज्वाळांत व्हावा, हे मला निर्विकारपणे पाहता येत नाही. तिला स्वतःच्या नावाने फारसे कुणी ओळखतही नाही. पण तिच्यावाचून ही यात्रा उभीच राहत नाही, हेही तितकेच खरे.

होमानंतर वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराला गर्दीसमोर आणतात आणि ते बुजते की शांत राहते, मूत्रविसर्जन करते की नाही, यावरून येत्या वर्षाच्या पाऊसपाण्याचा अंदाज सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. तरीही दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मी आधी तीच बातमी शोधतो, आणि पाऊस चांगला सांगितलेला असला तर ती घरात मोठ्याने वाचून दाखवतो.